डोळा मास्तरांचा, खुंट शेठचा

लिंबाच्या कुळात शुद्ध रक्ताचं कोणी नाही, हे निसर्गाचं महान सत्य मास्तरांनी तीस वर्षं नववीच्या वर्गाला सांगितलं. नववीच्या वर्गाने त्यावर एवढंच विचारलं, की हे परीक्षेला आहे का. नव्हतं.

निवृत्त झाल्यावर वर्ग मिळेना, तेव्हा मास्तर तेच सत्य घरच्यांना सांगू लागले. दर रविवारी दुपारी लेकीकडे जेवायला जमायचं, ही दोन्ही घरांची पद्धत. टेबलाभोवती मास्तर, त्यांची बायको, लेक, जावई, चार वर्षांची नात आणि जावयाचे आईवडील. जावयाचे वडील फळांचे घाऊक व्यापारी. बाजारात मोठा गाळा, आणि सगळं जग त्यांना शेठ म्हणे. मास्तरही शेठच म्हणत. सुरुवातीला त्यांनी 'व्याहीबुवा' म्हणून पाहिलं होतं, पण तसं म्हटलं की शेठ मागे वळून बघत, कोण बुवा आले म्हणून.

"मूळ घराणी चार," मास्तर सांगत. "महाळुंग, पपनस, संत्रं, आणि चौथं एक रानटी, ते कोणी खात नाही. बाकी तुम्ही जे जे सोलता, पिळता, चोखता, ती सगळी या चौघांची आपसातली भानगड. पपनस आणि संत्रं यांचं जमलं, नारिंग झालं. नारिंगाने महाळुंगाशी संधान बांधलं, पिवळं लिंबू झालं. मोसंबीही पपनस-संत्र्याच्याच घरातली. ती परत पपनसाकडे गेली, तर ग्रेपफ्रूट झालं."

"परत पपनसाकडे?" शेठचा घास हातातच थांबे. "म्हणजे माहेरी?"

"माहेरीच."

"अरे वा. आणि नावं हो? ती कोण ठेवतं?"

"ज्याच्या तोंडाला जे येईल ते. ग्रेपफ्रूटचा द्राक्षाशी काडीचा संबंध नाही, घडाने लोंबतं म्हणून ते नाव. मोसंबीला म्हणे एका देशाचं नाव लागलंय. तिथे ती जन्मली नाही, नुसती जहाजात चढली."

"म्हणजे बाप कोण आणि नाव कुणाचं, याचा ताळमेळ नाही."

"अजिबात नाही."

"आमच्या बाजारासारखंच," शेठ समाधानाने म्हणत आणि घास तोंडात घालत.

मास्तरांना कुळांचा एवढा सोस का, याचं कारण त्याच टेबलाखाली चमच्यांशी खेळत बसलेलं असे. नातीचं नाक शेठचं होतं. कान शेठचे. कपाळ विहीणबाईंचं. शिंकायची तीसुद्धा शेठसारखी, आधी दोनदा हुलकावणी देऊन मग. मास्तरांनी चार वर्षं बारकाईने शोध घेतला, आपल्याकडचं काही आलंय का म्हणून. एकदा तिला हात मागे बांधून चालताना पाहिलं आणि त्यांचा ऊर भरून आला. शाळेच्या व्हरांड्यातून ते स्वतः तसेच चालत. पुढच्याच आठवड्यात बाजाराच्या गल्लीत शेठ समोरून आले. हात मागे बांधलेले.

मग त्यांनी डावखुरेपणावर हक्क सांगितला.

"विहीणबाई डावखुऱ्या आहेत," बायको म्हणाली.

"माझे एक काका होते डावखुरे."

"ते लग्नाने काका होते. आत्याचे यजमान."

लिंबाच्या कुळाचा अभ्यास असलेल्या माणसाने काकांना यादीतून वगळलं.

उरलं होतं एक झाड. ते लेकीच्या घरामागच्या फरशीच्या अंगणात, वॉशिंग मशीनचं पाणी वाहून जातं त्या पन्हाळीच्या कडेला उभं होतं, आणि मास्तरांची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

त्याची हकिगत अशी. मास्तरांचा संसार ज्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला, तिच्या स्वयंपाकघरामागे एक मोसंबी होती. लेक तिच्या सावलीत रांगली, तिच्याच फांदीवरून पडून तिने हात मोडून घेतला. लेकीच्या लग्नाच्या वर्षी क्वार्टरांची ती अख्खी ओळ पाडायचं ठरलं. झाड काही उचलून नेता येत नाही, म्हणून मास्तरांनी एक काडी कापली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि बसमध्ये ती काचेच्या भांड्यासारखी उभी धरून लेकीच्या नव्या घरी आणली.

काडी नुसती खोचून भागत नाही. तिच्यावरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला टपोरा कोंब, दुसऱ्या एखाद्या चिवट रोपाच्या सालीत भरावा लागतो. त्या रोपाला म्हणतात खुंट. खुंटाने मुळं पुरवायची, ऊन-पाणी-कीड सोसायची. डोळा रुजला, की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकायचा.

"खुंट आमच्याकडचा घ्या," शेठ तेव्हा म्हणाले होते. "आमच्या आजोबांच्या बागेतला. जातिवंत." आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पिशवीतलं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं रोप घेऊन ते हजर झाले.

मास्तरांनी सालीला चीर दिली, डोळा आत सरकवला, प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला आणि आपली खास दुहेरी गाठ मारली. दोघे व्याही हात धुऊन झाडापाशी उभे राहिले. लग्नात आलं नव्हतं तेवढं पाणी दोघांच्या डोळ्यांत आलं.

"फळ डोळ्याचं, राबणं खुंटाचं," मास्तर म्हणाले. "निसर्गनियम आहे."

"म्हणजे खाली आम्ही राबायचं आणि वर मिरवायचं तुम्ही?"

"नियमच तसा आहे, शेठ."

"पोर आमच्या घरात आली तेव्हा हा नियम कोणी सांगितला नाही," शेठ म्हणाले. "बाकी काही हरकत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके चिघळले, मुक्काम लांबला. दवाखान्यातून ते रोज लेकीला एकच विचारत, "डोळा फुटला का गं?" एके दिवशी लेक म्हणाली, "फुटला, बाबा." मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. काही महिन्यांनी ते काठी टेकत अंगणात आले तेव्हा झाड हिरवंगार होतं. बुंध्याशी वाकून सांधा बघावा इतका जोर गुडघ्यांत उरला नव्हता. शिवाय लेकीने भोवती विटांचं आळं करून त्यात माती चढवली होती. चष्माही जरा ओला झाला होता. एकूण, जे दिसायला हवं होतं ते त्यांना दिसलं.

आणि यंदा, सहाव्या वर्षी, झाडाला फळं लागली.

फळं मोसंबीची नव्हती. मुठीएवढी, पिवळी-नारिंगी, साल खडबडीत, बेडकाच्या पाठीसारखी, आणि देठाशी मान काढलेली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, काहीतरी चुकलं. मास्तर दुसरे कोणी नव्हते. कलमात दोन झाडांचं रक्त मिसळत नाही, वर वरचं राहतं आणि खाली खालचं, हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. पण फार फार क्वचित, सांधा जिथे भरून येतो तिथून दोघांच्या पेशी एकत्र होऊन एक कोंब फुटतो आणि तो दोघांचाही असतो, हेही त्यांना ठाऊक होतं. काही शतकांपूर्वी कुठल्याशा बागेत असं लिंबाच्या कुळातलं झाड निघाल्याची नोंद आहे. नियम माहीत असलेल्या माणसाचं हे असं असतं. त्याला अपवादही माहीत असतो, आणि तो आपल्याच अंगणात घडला तर त्याला फारसं नवल वाटत नाही.

"शेठ," मास्तर फळ दोन्ही हातांत धरून म्हणाले, "हे आपल्या दोघांचं आहे."

रविवारच्या टेबलावर फळ कापलं गेलं. सगळ्यांनी एकेक फोड घेतली. सगळ्यांचे डोळे एकदम मिटले.

"कसं आहे?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"आंबट."

"नुसतं आंबट?"

"नाही. बियाही आहेत."

नातीने आपली फोड मांजराला दिली. मांजराने ती हुंगली आणि जागा बदलली.

"भारदस्त आहे," शेठ डोळे पुसत म्हणाले. "मास्तर, एवढी वर्षं मी फळांत आहे. पण ही चीज माझ्या गाळ्यावर कधी आलेली नाही. शपथेवर सांगतो."

हे अगदी खरं होतं. ते का खरं होतं, हे पुढे येईलच.

"मग नाव द्यायला हवं," मास्तर म्हणाले. "दोन्ही घरांचं मिळून एखादं..."

"नावाचं माझ्यावर सोडा. ते तुमच्या वर्गातलं काम नाही, आमच्या बाजारातलं आहे. मागे एक गाडी आंबट संत्री आली. कोणी हात लावेना. मी पाटी लावली, 'खास मधुमेहींसाठी'. दुपारी गाडी रिकामी."

"पण त्यात साखर..."

"मास्तर, ती खास होती. आणखी काय पाहिजे?"

पुढचा आठवडा मास्तर हवेतच होते. नात समोरून हात मागे बांधून गेली तरी त्यांना वाईट वाटलं नाही. नाक राहू दे त्यांचं, कान राहू दे. आपली मोसंबी अर्धी का होईना, त्या अंगणात जिवंत आहे. फक्त एक पुरावा हवा होता. असा मिश्र कोंब नेमका सांध्यातूनच निघतो, तेव्हा सांध्याचा फोटो काढणं भाग होतं.

शनिवारी सकाळी ते लेकीकडे गेले, अंगणात पोतं अंथरलं आणि गुडघ्यांची समजूत काढत पालथे झोपले. आळ्याच्या विटा बाजूला केल्या. चमच्याने माती उकरली. बुंध्याच्या एका अंगाला अंगठ्याएवढी वाळकी गाठ लागली. तिच्यात प्लॅस्टिकची पट्टी रुतून बसली होती. पट्टीला दुहेरी गाठ होती.

गाठ त्यांचीच होती. तिच्या वर काही नव्हतं. झाड तिच्या खालून निघालं होतं, तिला वळसा घालून, माणूस रस्त्यातल्या दगडाला घालतो तसं.

शेजारी पडलेलं एक फळ उचलून त्यांनी पुन्हा पाहिलं, आणि या वेळी ते त्यांनी ओळखलं. जंबेरी. कलमं करणारे खुंटासाठी हिचंच बी पेरतात. चिवट, आंबट, बियांनी गच्च. महाळुंग आणि संत्रं यांची लेक. हेही त्यांनी नववीला सांगितलं होतं. हिचं फळ बाजारात येत नाही, कारण ते विकत घेण्याइतकं कोणाचं अडलेलं नसतं. शेठच्या गाळ्यावर शपथेवर कधी न आलेली चीज ती हीच.

लेक धुण्याची बादली घेऊन बाहेर आली.

"बाबा, काय हे, शर्ट बघा जरा."

"हा कधी वाळला?"

लेकीने गाठीकडे पाहिलं. बादली खाली ठेवली.

"तुमच्या ऑपरेशनच्या वेळी. आम्ही सगळे दवाखान्यात, इकडे पाणी कोणी घातलंच नाही. आले तर काळा पडला होता. मीच छाटला."

"आणि मला सांगितलंस, फुटला."

"फुटलं होतं ना. खालून फुटलं होतं. कुठून, ते तुम्ही विचारलं नाहीत."

"डोळा फुटला का, असं विचारायचो मी. रोज."

"पोटाला टाके घातलेला माणूस रोज असं विचारतो, तेव्हा त्याला काय सांगायचं हो? तिकडे तुमची मोसंबी पाडून आठवडा झाला नव्हता. आई म्हणाली, आत्ता नको, बरे झाले की सांगू. तुम्ही बरे झालात, आलात, आणि याच्याकडे बघून रडायलाच लागलात. मग कसलं सांगणं!"

मास्तर उठून बसले. पोतं शर्टाला चिकटून आलं होतं.

"आईलाही माहीत आहे?"

"आईला काय माहीत नसतं?"

"आणि सहा वर्षं तू या जंबेरीला पाणी घातलंस, माझी मोसंबी म्हणून."

"मी कसलं घालते. वॉशिंग मशीनचं जातं आपोआप."

मास्तरांनी फळ विटांवर ठेवलं. "नाक त्यांचं, कान त्यांचे," ते म्हणाले. "आता झाडही त्यांचंच निघालं. माझं काही लागलंच नाही गं कुठे."

लेक त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली.

"तुमचं काय आलंय ते सांगू? काल तिने सगळ्या बाहुल्या रांगेत बसवल्या आणि अर्धा तास काहीतरी शिकवत होती. एकही बाहुली ऐकत नव्हती. तरी ही थांबली नाही."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. शर्टाला माती होती. ती चष्म्याला लागली. तो तसाच त्यांनी पुन्हा घातला.

"काय शिकवत होती?" त्यांनी विचारलं.

"ते कोणालाच कळलं नाही, बाबा."

आता प्रश्न शेठना सांगण्याचा होता. मास्तरांना ते रविवारच्या टेबलावर सगळ्यांसमोर नको होतं. ते तडक बाजारात गेले. गाळ्यावर सकाळची गर्दी ओसरली होती. ओल्या पुठ्ठ्याचा आणि दबलेल्या फळांचा वास भरून राहिला होता. शेठ मोठ्या काट्यापाशी उभे राहून टरबुजांना टिचक्या मारत होते.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो. आत चला. दाखवायचंय काहीतरी."

"शेठ, आधी माझं ऐका."

"आधी बघा." शेठनी खोक्यातून एक जाडजूड रीळ काढलं. फळांवर लावतात तसल्या चिमुकल्या, लंबगोल, हिरव्या स्टिकरचं. प्रत्येकावर ठसठशीत अक्षरांत 'मास्तर' असं लिहिलं होतं आणि खाली एवढासा चष्मा काढला होता.

मास्तर खुर्ची ओढून बसले.

"शेठ, त्या झाडात माझं काही नाही."

"हा तुमचा मोठेपणा."

"मोठेपणा नाही, वनस्पतिशास्त्र आहे. माझा डोळा पहिल्याच उन्हाळ्यात मेला. वाढला तो तुमचा खुंट. मुळापासून शेंड्यापर्यंत ते झाड तुमच्याकडचं आहे. तुमच्या आजोबांच्या बागेतलं. त्यांचं नाव द्या त्याला."

शेठनी टरबूज काट्यावर ठेवलं. मग गाळ्याचं शटर अर्ध्यापर्यंत ओढून घेतलं. भर दिवसा शेठनी शटर ओढलेलं बाजाराने कधी पाहिलं नव्हतं; समोरचा बटाटेवाला उठून उभा राहिला.

"मास्तर," शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या आजोबांना बाग नव्हती."

"म्हणजे?"

"हातगाडी होती. केळ्यांची. बाग मी त्या दिवशी बोलता बोलता लावली. तुम्ही ओल्या रुमालात एवढ्या वर्षांचं झाड घेऊन उभे. तुमच्यासमोर मी काय, नाक्यावरच्या रोपवाटिकेतली पिशवी ठेवू? ठेवली तीच. फक्त मध्ये आजोबा घातले."

"पिशवीवर काही लिहिलं होतं का?"

"होतं काहीतरी. जांब... जंबू..."

"जंबेरी."

"तेच. मी थुंकी लावून पुसलं."

दोघांनी काट्यावरच्या टरबुजाचं वजन वाचलं. काटा आपलं काम करून केव्हाच स्थिर झाला होता.

"म्हणजे ते झाड ना तुमचं, ना आमचं," मास्तर म्हणाले.

"आणि मी सहा वर्षं सुनेला सांगतोय, जपून गं, आजोबांची आठवण आहे." शेठना आधी हसू आलं, मग दोनदा हुलकावणी देऊन शिंक आली. "तुमच्या घरी विहीणबाईंना सांगू नका हं हे. आणि आमच्या हिलाही."

"त्यांना माहीत नसेल असं वाटतं तुम्हाला?"

शेठनी विचार केला. "नाही वाटत," ते म्हणाले.

मास्तरांनी स्टिकरचं रीळ उचललं, दोन्ही हातांनी शेठपुढे धरलं. "हे मात्र आता परत द्या. मेलेल्या डोळ्याचं नाव कशाला लावायचं?"

"परत? छे छे." शेठनी रीळ त्यांच्याकडेच परत ढकललं. "तुम्हीच सांगता ना दर रविवारी, बाप कोण आणि नाव कुणाचं, याचा ताळमेळ नसतो म्हणून? मग आत्ता कशाला हवाय तो? पोरीला नाव आमचं लागलं, तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत. झाडाला तुमचं लागू दे. फिटंफाट. या नावाला मी काही झालं तरी हात लावू देणार नाही."

  शेठनी स्वतःच्या हाताने पहिला स्टिकर काढला, लावायला जवळ फळ नव्हतं म्हणून मास्तरांच्या शर्टावर लावला, आणि शटर वर केलं. बटाटेवाला खाली बसला.

'मास्तर' दोन दिवस गाळ्यावर दर्शनी मांडलेला होता. एका बाईंनी हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. तिसऱ्या दिवशी शेठनी टोपली लेकीकडे पाठवून दिली. अर्धा कापून चोळला, की स्वयंपाकघराचं बेसिन लख्ख निघतं, असं लेकीला आढळलं. नातीने फ्रिजला, मांजराला, शेठच्या स्कूटरला आणि रांगेत बसलेल्या सगळ्या बाहुल्यांना मास्तर चिकटवले. रीळ होतं तेवढंच दिसत राहिलं.

त्या शनिवारी बाजारातून घरी आल्यावर मास्तरांनी शर्टावरचा स्टिकर न काढता बायकोला शेठच्या मनाच्या मोठेपणाबद्दल पुष्कळ सांगितलं. नाव परत घ्यायला माणूस काही केल्या तयार होईना, म्हणाले. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. तिला माहीत होतं ते एवढंच: रीळ छापून झालेलं होतं, छापखानेवाला परत घेत नाही, आणि स्टिकर पाच हजारांच्या खाली छापून मिळत नाहीत.